मास्तरांची बोहनी

खेळ सुरू व्हायच्या आधी मास्तर टाळीमामाच्या मुस्काटात मारायचे.

बाहेर प्रेक्षक खुर्च्यांवर बूड टेकून बसलेले, दिवे तापलेले. आत पडद्यामागच्या बोळात मास्तर कोटाची बटणं लावत यायचे, टाळीमामासमोर उभे राहायचे आणि उजवा हात थेट खांद्यापासून आणायचे. फाट्! वर लोखंडी पट्टीवर दिवे बांधणारा माणूसही हातातलं सोडून खाली बघायचा. मास्तर तळव्यावर फुंकर मारायचे, हसायचे आणि पडदा सारून देशासमोर जायचे.

"बोला!" ते ओरडायचे.

"पटकन!" सगळं सभागृह ओरडायचं. खेळाचं नावच ते होतं, 'बोला पटकन'. ज्यांच्या घरात टीव्ही होता त्यांच्या घरात मास्तर होते. लहान पोरं त्यांच्यासारखं बोट उंचावून आईला प्रश्न विचारायची.

देशानं मास्तरांना कधी चिडलेलं पाहिलं नाही. चुकीचं उत्तर देणाऱ्या बाईला ते पाण्याचा ग्लास द्यायचे, "असू दे ताई, डोकंच ते, चालायचंच" म्हणायचे. म्हाताऱ्यांना दंड धरून खुर्चीत बसवायचे. हा गोडवा कुठून येतो ते बोळातल्या माणसांना ठाऊक होतं. चिखलाचे बूट दाराबाहेर काढून घरात शिरावं, तसे मास्तर आतला सगळा विखार टाळीमामाच्या डाव्या गालावर काढून ठेवायचे आणि मग बाहेर जायचे.

टाळीमामाचं काम टाळ्यांचं. आधी तो एका चित्रपटगृहाच्या दारावर तिकिटं फाडायचा. त्याचे तळवे फळकुटासारखे रुंद आणि टणक. अंधारात त्यानं एक टाळी दिली की मागोमाग सगळं थिएटर वाजायचं. ते कुणीतरी पाहिलं आणि त्याला इकडं उचलून आणलं. खेळ चालू असताना तो कॅमेऱ्याच्या खाली, प्रेक्षकांना दिसेल असा उभा राहायचा. वर काचेच्या खोलीत दिग्दर्शिका बाई बसायच्या. त्या त्याच्या उजव्या कानातल्या यंत्रात सांगायच्या, "मामा, उचला." मामाचे हात वर गेले की टाळ्या वर, हात खाली आले की टाळ्या खाली. मुठी आवळल्या की एकदम चिडीचूप.

बोहनी सुरू झाली ती त्याच्या चुकीनं. खेळ नवा होता, कुत्रंही बघत नव्हतं. एका भागात एका म्हाताऱ्या शिंप्यानं शेवटचं उत्तर चुकवलं आणि सवयीनं मामाचे हात वर गेले. सभागृहभर टाळ्या. तो शिंपी बिचारा सगळ्यांकडं बघत हसायला गेला आणि रडला. मध्यंतरात मास्तर आत आले ते सरळ मामासमोर, आणि एक शब्द न बोलता कानशिलात अशी ठेवून दिली की मामा वायरींच्या गुंडाळ्यांवर जाऊन पडला. दात ओठात घुसला. हनुवटीवरून रक्त शर्टात उतरलं. मास्तर त्याच तापलेल्या हातानं बाहेर गेले आणि असे खुलले, असे खुलले की दुसऱ्या दिवशी बसमध्ये लोक त्यांच्याच गोष्टी करत होते.

पुढच्या खेपेला खेळाच्या आधी मास्तर त्याला शोधत आले.

"ये रे मामट्या. जरा बोहनी करू."

सगळे हसले. मामाही हसला. त्या हसण्यातच तो सापडला. एकदा हसून गाल पुढं केलेल्या माणसाला नंतर नाही कसं म्हणता येणार?

मग वर्षं गेली. कधी मार हलका असायचा, चपातीवरचं पीठ झटकावं तसा. घरी मास्तरीणबाईंशी वाजलेलं असलं की मात्र मामाचं डोकं मागच्या फळीवर आपटायचं. एकदा मास्तरांच्या अंगठीनं गाल चिरला. रंगभूषेवाल्यानं त्यावर पावडर थापली आणि म्हणाला, "मामा, तुम्ही कॅमेऱ्यात नसता म्हणून बरंय, नाहीतर माझं सामान तुमच्यावरच संपलं असतं." लोक त्याला शकुन मानायला लागले. मामा तापानं फणफणला असला तरी गाडी पाठवून त्याला आणायचे. गाल आला की खेळ उभा राहायचा.

आधी डाव्या कानात शिट्टी वाजायला लागली. मग उशीवर पिवळे डाग. मग एके दिवशी त्या बाजूनं जग बंद झालं, दार लावून घेतल्यासारखं.

कानाच्या डॉक्टरनं विचारलं, "कशानं झालं हे?"

"स्पीकरजवळ उभा असतो," मामा म्हणाला.

डॉक्टरनं त्याचा गाल बोटानं वळवून उजेडात धरला. "तुमच्या स्पीकरला पाच बोटं आहेत का हो?"

शेजारी बसलेली बायको पदराशी चाळा करत राहिली.

"डावा संपला," डॉक्टर म्हणाला. "उजव्याचाही पडदा कागदासारखा झालाय. एक सणसणीत बसली की तोही जाईल. मग मला भेटायला येऊ नका, माझ्या हातात काही नसेल."

घरी बायको 'बोला पटकन' रोज लावायची, पण पहिलं मिनिटभरच. मास्तर पडद्यातून यायचे, दोन्ही हात पसरून सगळ्यांना बोलवायचे. डावा तळवा पांढरा, उजवा लालबुंद. तो लाल रंग बघून ती टीव्ही बंद करायची आणि भांडी घासायला घ्यायची. तळवा जास्त लाल असला त्या दिवशी भांड्यांचे आवाज शेजारपर्यंत जायचे. मामानं घरात कधी हात उगारला नाही, पण एकदा तिनं नुसतं "सोडा ना ते काम" म्हटलं तर त्यानं स्वतःचंच डोकं दाराच्या चौकटीवर तीनदा आपटून घेतलं होतं. "अर्ध्या बहिऱ्या टाळीवाल्याला कोण ठेवणार गं? कोण?" तेव्हापासून ती बोलायची थांबली.

आणि मग मास्तरांनी जाहीर केलं की आता पुरे. गुडघे बोलायला लागलेत, नव्यांना वाट द्यायची.

देश हळहळला. मामाच्या बायकोनं दुपारी घराचे सगळे पडदे धुवायला काढले.

"अहो, सुटलात," ती त्याच्या उजव्या कानाशी येऊन म्हणाली. तिचे हात साबणानं भरलेले होते आणि ती हसत होती. इतक्या वर्षांत मामानं तिला असं हसताना पाहिलं नव्हतं. त्याच्याही तोंडून हसू फुटलं.

मास्तरांच्या जागी बॉक्सर आला. देशासाठी पदक आणलेला, नाक मोडून एका बाजूला बसलेलं, आवाज मात्र गाईसारखा मऊ. सगळ्यांना 'काका', 'मावशी' म्हणायचा. चहावाल्या बाईच्या हातून ट्रे घेऊन स्वतः कप वाटायचा. मामानं पाहिलं, बॉक्सर कप डाव्या हातानं देतो. सही डाव्या हातानं करतो. दारही डाव्या हातानं ढकलतो.

"डावखुरे का तुम्ही?" त्यानं विचारलं.

"हो मामा. आणि आता तर उजवा खांदा गेलाच आहे. छातीच्या वर हात उचलत नाही. सगळं डाव्यावरच."

मामाचा हात आपोआप उजव्या कानावर गेला.

मग निरोपाचा मोठा भाग झाला. फुलं, रडारडी, आणि शेवटी बोळात मास्तरांनी शेवटची दिली. ती जपून ठेवल्यासारखी होती. मामा गुडघ्यांवर बसला. डोळ्यांपुढं काजवे चमकले. मास्तरांनी त्याला काखेत धरून उभं केलं आणि चॅनेलच्या माणसांसमोर म्हणाले, "हा माझा लकी गाल. खुर्ची देतोय, तर गालही द्यायला पाहिजे. नव्या गड्याच्या पहिल्या भागाला मी स्वतः येणार आणि माझ्यासमोर बोहनी करून घेणार."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मामानं हात उचलले नव्हते, तरी वाजवल्या.

मामा मास्तरांच्या खोलीत गेला. मास्तर आरशासमोर चेहऱ्यावरचा रंग पुसत होते.

"मास्तर, एवढं राहू द्या. तो डावखुरा आहे."

"मग?"

"त्याचा हात माझ्या उजव्या बाजूला बसेल."

"बसू दे की. डाव्याला तरी सुट्टी मिळेल." मास्तर आरशातून हसले. "अरे मामट्या, तुला कोण ओळखतं रे? हात वर करायला खांबालाही दोरी बांधता येते. तुझा गाल आहे म्हणून तू आहेस. तो गेला की दारावर जा, तिकिटं फाड."

मामा वर काचेच्या खोलीत गेला. दिग्दर्शिका बाई खाली वाकून बटणं पुसायला लागल्या. "मामा, मी वर असते. खाली बोळात काय चालतं ते मला कुठं दिसतं?"

मग तो बॉक्सरकडं गेला. बॉक्सरचा चेहरा कसानुसा झाला. "मला नाही हो आवडत, मामा. पण मी शकुन मानणारा माणूस. रिंगमध्ये जाताना डावा बूट आधी घालायचो. एकदा चुकून उजवा घातला आणि जबडा फुटला. पहिला दिवस आहे... मी हळू मारीन ना."

"हळू म्हणजे केवढं?"

बॉक्सरनं शेजारच्या प्लायवूडच्या दाराला हळू मारलं. दाराला वरपासून खालपर्यंत चीर गेली.

"सॉरी," तो म्हणाला.

त्याच आठवड्यात सराव चालू होता. मास्तर तेव्हा सत्कार घेत गावोगाव फिरत होते. बॉक्सर खुर्चीत बसून प्रश्न पाठ करत होता. रंगभूषेवाला त्याच्या डावीकडून आला आणि पावडरचा कापूस अचानक गालाजवळ नेला. काय झालं ते कुणालाच नीट दिसलं नाही. फक्त मांसावर हाड आपटल्याचा आवाज आला, खुर्ची उलटली आणि रंगभूषेवाला पावडरच्या ढगात जमिनीवर आडवा. तोंडातून रक्ताचा बुडबुडा आला आणि बुडबुड्यातून दात.

बॉक्सर गुडघ्यांवर बसून त्याचं डोकं मांडीवर घेऊन रडत होता. "काका, मला सांगायचं ना, सांगायचं ना! शेवटच्या लढतीत डावीकडून आलेली मला दिसली नव्हती. तेव्हापासून डाव्या बाजूनं हात आला की माझं डोकं मला विचारतच नाही हो."

त्या दिवसापासून सगळे शिकले. बॉक्सरच्या जवळ जायचं तर आधी म्हणायचं, "हात येतोय." कॉलर नीट करणारी बाई म्हणायची, "हात येतोय." शर्टाला माइक लावणारा म्हणायचा, "हात येतोय." रंगभूषेवाला तर दोन दातांच्या फटीतून वारा सोडत चार पावलं अलीकडूनच ओरडायचा.

मास्तरांना हे कुणी सांगितलं नाही. मामानंही नाही. तो काही ठरवून गप्प बसला नव्हता. निदान पहिल्या भागाच्या दिवसापर्यंत तरी.

पहिल्या भागाच्या दिवशी निघताना बायकोनं त्याच्या उजव्या कानात कापूस कोंबला. "निदान एवढं तरी राहू द्या." तिनं त्याची कॉलर सारखी केली. "आज मला काही बोला. काहीही. ऐकून घेते आणि तुम्हीही ऐकून घ्या."

"काय बोलू?"

"बघा, बोलायचं असलं की सुचतं कुठं," ती म्हणाली आणि आत गेली. जिना उतरून जाईपर्यंत मामाला आतून भांडी आपटल्याचा आवाज कापसातून येत होता. तो पायरीवर थांबून ऐकत राहिला.

यंत्र घालायचं म्हणून बोळात त्याला कापूस काढावाच लागला.

बोळ माणसांनी गच्च भरला होता. बाहेर प्रेक्षक पाय आपटत होते. मास्तर पांढऱ्या कोटात आले होते, अत्तराचा घमघमाट. त्यांनी मामाला दोन्ही खांदे धरून फळीला टेकवला आणि मान थोडी डावीकडं वळवली, उजवा गाल उजेडात यावा म्हणून. कसाई जनावराची मान बघतो तसं.

"बघ रे चॅम्पियन. कानाखाली मारायची नाही, आवाज मरतो. गालाचं हाड आणि जबडा यांच्या मधोमध. बोटं जुळलेली. आणि दया करायची नाही. दया केलीस तर बाहेर तुला हसू येणार नाही. मी सांगतो ना."

बॉक्सरनं डावा हात उचलला. त्याच्या पंज्याची सावली मामाच्या तोंडावर पडली. अख्खं तोंड झाकलं गेलं. मामाला स्वतःच्या उजव्या कानात स्वतःचं रक्त वाहताना ऐकू आलं, धब् धब् धब्. ऐकून घे, त्याला वाटलं. हेच शेवटचं.

"कोपर खाली!" मास्तर खेकसले. "ठोसा नाही मारायचा गाढवा, चापट. असं. असं!" ते हवेत हात फिरवून दाखवत होते. "असं वळवून."

बॉक्सर गोंधळला. हात खाली घेतला. "कसं वळवून?"

आणि मामाच्या तोंडून शब्द आले. त्याच्या लक्षात यायच्या आधी आले.

"मास्तर, हवेत नाही समजायचं त्यांना. त्यांच्या गालावर दाखवा. अंगावर घेतल्याशिवाय कळत नाही."

मास्तरांचे डोळे चमकले. देशाच्या पदकवाल्याला एक ठेवून द्यायची, ती पण शिकवायच्या निमित्तानं. त्यांनी बाही मागं सारली. बॉक्सर त्या क्षणी मामाकडंच बघत होता, मामाच्या गालावर जागा शोधत होता.

मामानं रंगभूषेवाल्याकडं बघितलं. रंगभूषेवाल्याचं तोंड उघडलं. फटीतून थोडा वारा आला. मग त्यानं ओठ घट्ट मिटून घेतले.

मास्तरांचा हात खांद्यापासून निघाला, वर्षानुवर्षं निघायचा तसा, आणि बॉक्सरच्या डाव्या गालाच्या रोखानं गेला. तो पोचला नाही. बॉक्सरचा डावा ठोसा आधी पोचला. मास्तरांचा जबडा हनुवटीखालून एका बाजूला सरकला, ड्रॉवर वाकडा बसावा तसा. कट्कन् आवाज आला. मास्तर पाठीमागं उडून मामाच्याच फळीवर, नेमके मामाच्याच डोक्याच्या जागी आपटले आणि वायरींच्या गुंडाळ्यांवर पडले. पांढरा कोट गळ्यापासून लाल होत गेला. त्यांनी ओरडायला तोंड उघडलं, पण खालचा अर्धा भाग वरच्याबरोबर येईना. जो आवाज निघाला तो माणसाचा नव्हता.

"मी नाही... मला नाही..." बॉक्सर स्वतःचा हात मनगटाशी धरून मागं सरकत होता.

बाहेर प्रेक्षक थांबले. पडद्याआडचा तो आवाज त्यांनी ऐकला होता. कुणीतरी उठून उभं राहिलं.

"काय झालं खाली?" यंत्रात बाई किंचाळल्या. "थेट प्रक्षेपण चालू आहे! मामा, टाळ्या! उचला!"

मामा मास्तरांवरून पाय टाकून गेला. कॅमेऱ्याखाली उभा राहिला आणि हात वर केले. टाळ्या उठल्या. त्यानं अजून वर केले. टाळ्यांचं छप्पर झालं. आतला आवाज त्याखाली पार दबला. मामानं हात खाली आणलेच नाहीत. बाई कानात "पुरे, पुरे" म्हणत होत्या. लोकांचे तळवे दुखायला लागले, काहीजण हसत हसत रडकुंडीला आले, तरी तो हात वर धरून उभा राहिला. बोळातून स्ट्रेचर निघून जाईपर्यंत.

मग बॉक्सर बाहेर आला. चेहरा राखेसारखा. त्यानं दोन्ही हात पसरले.

घरी बायकोनं टीव्ही बंद केला नाही. "दोन्ही तळवे पांढरे होते," मामा दारात आल्या आल्या ती म्हणाली. तो दार लावायला वळला तेव्हा पाठीमागून म्हणाली, मुद्दाम.

"हं," मामा म्हणाला. "ऐकू आलं."

ती तिथंच खाली बसली आणि गुडघ्यांत तोंड घालून हमसून हमसून रडली.

बॉक्सरनं चॅनेलला सांगून टाकलं की आपला हात आता जन्मात कुणावर उठायचा नाही, शकुन गेला खड्ड्यात. खेळ चांगला चालला. मामा कॅमेऱ्याखाली उभा राहायचा. फक्त सुरुवातीची वेळ झाली की त्याचा डावा गाल आपोआप उडायचा, कातडीखाली उंदीर पळाल्यासारखा.

बऱ्याच दिवसांनी तो मास्तरांना बघायला गेला. बायको नको म्हणत होती. मास्तरीणबाईंनी दार उघडलं, "या हो, तुमचीच आठवण काढतात. म्हणजे, बोट दाखवतात टीव्हीकडं," म्हणाल्या आणि चहा टाकायला आत गेल्या.

मास्तर सोफ्यावर उशांना टेकून बसले होते. जबडा तारांनी बांधलेला, गाल आत गेलेले. समोर 'बोला पटकन' चालू होतं. मामा त्यांच्या उजव्या बाजूला बसला. त्याचा डावा कान मास्तरांच्या तोंडाजवळ आला.

मास्तर तारांतून काहीतरी बोलले. मामा टीव्ही बघत राहिला. मास्तर पुन्हा बोलले. त्याच्या मानेवर थुंकीचे थेंब उडाले तेव्हा त्यानं तोंड वळवलं. मास्तर डोळे फाडून त्याच्याकडं बघत होते. ओठांच्या कोपऱ्यात तारेनं रक्त आलं होतं. "तुला... ठाऊक... होतं."

"काही म्हणालात का मास्तर?" मामा शांतपणे म्हणाला. "या बाजूनं मला ऐकू येत नाही. बरीच वर्षं झाली. तुम्हाला सांगायचं राहून गेलं."

मास्तरांचा उजवा हात उठला. खांद्यापासून. दुखण्यातही वेग तसाच होता.

"हात येतोय," मामा म्हणाला आणि आपला तळवा आडवा घातला.

फाट्! तळव्यावर तळवा आपटला. मामानं बोटं मिटली. टणक, फळकुटासारखी बोटं. मास्तरांची बोटं आत चुरायला लागली, एकेक सांधा वाजायला लागला. मास्तरांचे डोळे पाण्यानं भरले, पण तोंड उघडत नव्हतं.

"काय हो," आतून मास्तरीणबाईंनी विचारलं, "टाळी कसली वाजली?"

"काही नाही वहिनी," मामा हात न सोडता म्हणाला. "खेळ सुरू झाला."